मोलकरणीचें इंग्रजी

घरकाम करणाऱ्या स्त्रीनें इंग्रजी शिकल्यास तिचा पगार वाढतो काय, हा प्रश्न आमच्या भिवंडींत पुष्कळ घरीं विचारला जातो. यंत्रमागांच्या ज्या गाळ्यांवर एकेका कुटुंबाचें पोट चाले, त्यांतील कित्येक बंद पडले. त्या कुटुंबांतील स्त्रिया धुणींभांडीं, स्वयंपाक आणि मुलें सांभाळण्याच्या कामासाठीं कशेळीचा पूल ओलांडून ठाण्याच्या नव्या इमारतींत जाऊं लागल्या. इंग्रजी येत असेल तर दोन पैसे अधिक, असें त्यांच्या कानीं पडतें. यांत तथ्य किती, तें पाहूं.

पगार हा शब्द मुळांत पोर्तुगीजांचा, आणि आया हाही त्यांचाच. परक्या धन्याच्या घरची चाकरी या किनाऱ्यास जुनीच आहे. इंग्रजी अमदानींत मद्रासेकडील खानसामे व स्वयंपाकी जें इंग्रजी बोलत त्यास 'बटलर इंग्रजी' असें नांवच पडलें होतें. व्याकरणाचा त्यांत पत्ता नसे. भूतकाळ दाखवावयाचा तर क्रियापदास 'डन' जोडावें, कीं झालें! १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन नामक कोशानें त्याची नोंद घेतली आहे. तरीहि त्या मोडक्या भाषेवर माणसास जागा मिळे, कारण धन्यास बहुधा येथील भाषा येत नसे. म्हणजे मोल होतें तें इंग्रजीस नव्हे, तर अडलेला व्यवहार पुढें चालविण्यास.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे ठाण्याची गोष्ट उलगडते. तेथील बाई बहुधा मराठी किंवा हिंदी बोलते. भाजी कशी चिरावी हें सांगण्यास तिला इंग्रजी लागत नाहीं. खाडा किती कापावा, दिवाळीस काय द्यावें, ही घासाघीसहि देशी भाषेंतच होते, आणि तींत चार जणींनीं मिळून एक दर सांगणें अधिक उपयोगी पडतें. १९८० सालीं पुण्याच्या मोलकरणींनीं संप केला तो कांहीं इंग्रजींतून नव्हे! बोलण्याचें इंग्रजी फळतें तें परभाषी कुटुंबांत, लहान मुलांशीं इंग्रजींत बोलावें असा आग्रह असलेल्या घरीं, किंवा परदेशीं. परदेशींहि त्याची महती बेतानेंच मानावी. सिंगापूर सरकारनें २००५ सालीं नव्यानें येणाऱ्या मोलकरणींची इंग्रजींतून लेखी परीक्षा घेण्यास आरंभ केला. २०१२ सालीं ती बंद करून तिच्या जागीं एका दिवसाचें शिक्षण ठेविलें, आणि तें मोलकरणीच्या मातृभाषेंतूनहि मिळूं लागलें. उंच इमारतीच्या खिडक्या पुसतांना जीव कसा सांभाळावा, हा त्यांतील एक पाठ.

मग इंग्रजी नकोच काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. बोलण्याचें राहूं द्या, वाचण्याचें हवें. कुकर, मिक्सर, फ्रीज, बेसिन हे शब्द तिच्या तोंडीं आहेतच. नाहीं तें अक्षर. शौचकूप धुण्याच्या बाटलींत पुष्कळदां हायड्रोक्लोरिक आम्ल असतें, कपडे पांढरे करण्याच्या बाटलींत हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र ओतलीं तर क्लोरीन वायु निघतो. पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, ईप्र येथें सैनिकांवर सोडला तो हाच वायु. बंद न्हाणीघरांत तो मोलकरणीच्या छातींत शिरतो. दोन्ही मिसळूं नयेत ही सूचना बाटलीवर असली तरी बहुधा बारीक इंग्रजींत असते. म्हाताऱ्या माणसांस औषध देणाऱ्या बाईस तर गोळ्यांच्या पट्टीवरील नांव आणि मुदतीचा महिना वाचतां येणें अत्यंत अवश्य आहे, आणि अशा बाईस अधिक वेतन मागण्यास खरें कारणहि आहे.

आखातांत जाऊं इच्छिणारीची गोष्ट याहून बिकट. १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाखालीं, दहावी न झालेल्या माणसास ठराविक देशांत नोकरीस जाण्यापूर्वीं सरकारी मंजुरी घेण्याचा नियम झाला. अशा स्त्रीचें वय ३० वर्षांखालीं नसावें अशीहि अट पुढें घातली गेली. दलालांच्या फसवणुकीवर हा एक बांध आहे. परंतु करारपत्र येतें तें बहुधा अरबी व इंग्रजी अशा दोन रकान्यांत. उर्दू जाणणारी स्त्री अरबी अक्षरें लावते, पण अर्थ लागत नाहीं. म्हणून वेतन, मुदत, सुटी आणि परतीचें भाडें हे चार शब्द इंग्रजी रकान्यांत बोट ठेवून दाखवितां आले पाहिजेत, आणि ते दिसत नसतील तर सही करूं नये.

शिकविण्याचें काम घरचीं मुलेंहि करूं शकतील. रिकाम्या बाटल्या व औषधांचीं वेष्टनें पुढें घेऊन बसावें. मोठीं अक्षरें प्रथम घ्यावीं, कारण धोक्याचे शब्द बहुधा त्यांतच छापतात. महिन्यांचीं नांवें मागाहून. भिवंडींत मराठी, उर्दू व तेलुगु वाचणारीं घरें शेजारीं शेजारीं आहेत, तेव्हां एकच रीत सर्वांस लागू पडणार नाहीं. उर्दू वाचणाऱ्या आईस, इंग्रजी ओळ डावीकडून उजवीकडे जाते, येथपासून सांगावें लागेल.