पगार आहे, नोकरी नाही

फेब्रुवारी आणि मार्च हे माझे सुगीचे महिने. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात मी लोकांची टॅक्स रिटर्न्स भरून देते. सीए नाही, 'एन्रोल्ड एजंट' आहे, म्हणजे इथल्या आयकर खात्याची परीक्षा देऊन करदात्याची बाजू मांडायचा परवाना मिळवलेली. गिऱ्हाइकं बहुतेक आपलीच, आयटीतली जोडपी आणि मोटेलवाले गुजराती. पण गेल्या काही वर्षांत त्यांत एक नवा प्रकार मिसळलाय: कॉलेजात फुटबॉल खेळणारी पोरं.

त्यातला एक जण (नाव आणि कॉलेज सांगणार नाही, धंद्याचा धर्म आहे) आईला घेऊन आला. कागद मागितले तर त्याने फोन पुढे केला. गाड्यांच्या एका डीलरने इन्स्टाग्रामवर फोटो टाकण्याच्या बदल्यात त्याला पिकअप ट्रक वापरायला दिला होता, आणि संघाच्या पैसेवाल्या चाहत्यांनी काढलेल्या एका मंडळाकडून दरमहा रक्कम येत होती. रक्कम खर्च झाली होती. ट्रक फुकट वापरला तरी त्या वापराची किंमत उत्पन्नात धरतात आणि त्यावरचा कर रोखीनेच भरावा लागतो, हे त्याला माझ्याकडून कळलं. आई दुकानात तासावर काम करणारी. ती म्हणाली, "माझ्या पगारातून कर आपोआप कापतात. ह्याचा का नाही कापला?"

बाईंनी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. आपल्याकडे पगारदाराला फॉर्म १६ मिळतो आणि फी घेणाऱ्याला १६ए. तसाच फरक इथे डब्ल्यू-२ आणि १०९९ ह्या फॉर्मांत आहे. डब्ल्यू-२ नोकरदाराचा. त्याचा कर मालक कापतो, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा निम्मा वाटा मालक भरतो, कामावर इजा झाली तर भरपाईचा विमा असतो. १०९९ म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक. दोन्ही वाटे त्याचेच, एकूण १५.३ टक्के, वर आयकर, आणि ते सगळं वर्षातून चारदा आगाऊ भरायचं. फुटबॉलच्या पोरांना सहसा १०९९ येतो. पहाटे व्यायामाला कधी यायचं, काय खायचं, कुठला विषय सकाळच्या वेळात घ्यायचा नाही, हे सगळं ज्याचं प्रशिक्षक ठरवतो असा 'स्वतंत्र व्यावसायिक' मी तरी दुसरा पाहिलेला नाही. कॉलेज फुटबॉलमधल्या पैशांचा आणि संघबदलाचा आज जो गुंता झालाय, तो माझ्या मते इथूनच सुरू होतो.

हा फुटबॉल आपला नव्हे, हे आधी सांगायला हवं. मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना ज्याने पाहिलाय, त्याला हेल्मेट घालून, लांबुळका चेंडू काखोटीला मारून पळणाऱ्या ह्या खेळाला फुटबॉल म्हणणं जड जातं. वेड मात्र तेच. ओहायो स्टेट हे इथलं सरकारी विद्यापीठ. त्याच्या स्टेडियमात एक लाखाहून जास्त माणसं बसतात, आणि ते भरतं. सामना घरच्या मैदानावर असेल त्या शनिवारी विद्यापीठाच्या आसपास गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून इथली मराठी मंडळी दिवाळीचा कार्यक्रम ठरवताना पंचांगाच्या आधी फुटबॉलचं वेळापत्रक उघडतात. ओहायो स्टेट ज्या 'बिग टेन' गटात खेळतं त्या गटाने २०२२ साली टीव्ही कंपन्यांशी सात वर्षांचे करार केले, ७०० कोटी डॉलरांहून जास्त रकमेचे. मुख्य प्रशिक्षक रायन डे ह्यांचा वर्षाचा पगार सव्वा कोटी डॉलर. खेळणाऱ्या पोराला मात्र कित्येक दशकं फी, खोली, जेवण आणि पुस्तकं एवढंच मिळत आलं.

ही रीत पाळायला लावणारी संस्था एनसीएए, १९०६ सालची. मैदानावर पोरं मरत होती म्हणून राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी कॉलेजांचे कान पिळले, त्यातून ती उभी राहिली. १९५५ साली कोलोरॅडोतल्या एका लहान कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. कामावर मेलेल्या कामगाराच्या घरच्यांना मिळते तशी भरपाई त्याच्या बायकोने मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली: कॉलेज फुटबॉलचा धंदा करत नाही, सबब तो कामगार नाही. त्या काळात एनसीएएचे प्रमुख असलेल्या वॉल्टर बायर्स ह्यांनी खेळाडू हा आधी विद्यार्थीच आहे हे प्रत्येक नियमात घट्ट बसवलं. (निवृत्तीनंतर, १९९५ साली, त्याच बायर्सनी पुस्तक लिहून ह्या व्यवस्थेचे वाभाडे काढले. खुर्ची सुटल्यावर लोकांना खरं बोलता येतं, हे अमेरिकेतही आहेच.)

शिक्षा किती कडक असत ते कोलंबसने चांगलंच पाहिलंय. मिशिगनला हरवलं की ओहायो स्टेटच्या खेळाडूला सोन्याची छोटी विजार असलेलं पदक मिळतं. २०१० साली उघड झालं की काही खेळाडूंनी अशी पदकं, अंगठ्या, जर्सी विकून पैसे घेतले किंवा गोंदवून घेतलं. म्हणजे स्वतःला मिळालेल्या स्वतःच्याच वस्तू विकल्या. पाच जणांना पुढच्या मोसमातल्या पाच सामन्यांची बंदी. प्रशिक्षक जिम ट्रेसल ह्यांना हे ठाऊक असून त्यांनी कळवलं नाही, म्हणून मे २०११ मध्ये त्यांना जावं लागलं, आणि २०१० च्या सबंध मोसमातले विजय दप्तरातून पुसले गेले. ट्रेसल आज ओहायोचे उपराज्यपाल आहेत.

एनसीएएने ह्यातलं काहीही आपण होऊन बदललं नाही. २००९ साली बास्केटबॉलपटू एड ओबॅनन ह्याने आपलं हुबेहूब रूप एका व्हिडिओ गेममध्ये पाहिलं आणि दावा लावला, तिथून भिंतीला तडे गेले. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच केला की खेळाडूला स्वतःच्या नावावर कमावता येईल. मग २१ जून २०२१ रोजी सुप्रीम कोर्टाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएच्या विरोधात निकाल दिला, नऊ विरुद्ध शून्य. सगळ्या कॉलेजांनी मिळून खेळाडूचा मोबदला बांधून ठेवणं मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कचाट्यात येतं, असा त्याचा मथितार्थ. दहा दिवसांत, १ जुलैपासून, नाव, चेहरा आणि ओळख विकायची मुभा मिळाली. तिला इथे एनआयएल म्हणतात.

खेळण्याचे पैसे देता येत नाहीत, पण चेहऱ्याचे देता येतात, म्हटल्यावर पुढचं कुणीही सांगावं. गावोगावच्या चाहत्यांनी वर्गणी काढून मंडळं स्थापन केली, ज्यांना 'कलेक्टिव्ह' म्हणतात, आणि शाळेच्या एखाद्या कार्यक्रमात दोन शब्द बोलल्याचे मोठाले आकडे लागले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टेक्सासचा क्विन यूअर्स हायस्कूलचं शेवटचं वर्ष सोडून कोलंबसला आला. सह्या करण्यासाठी सुमारे १४ लाख डॉलरचा करार झाल्याच्या बातम्या होत्या. सबंध मोसमात त्याच्या वाट्याला दोन चाली आल्या, आणि तो परत टेक्सासला गेला.

तो इतक्या सहज जाऊ शकला, ही संघबदलाची बाजू. पूर्वी कॉलेज बदललं तर मोठ्या खेळांत एक वर्ष बाहेर बसावं लागे, आणि कुठल्या कॉलेजात जायचं नाही हेही जुना प्रशिक्षक सांगू शके. पदवी हातात असेल तर सूट मिळायची. म्हणूनच ओहायोचाच जो बरो २०१८ मध्ये पदवी घेऊन लुइझियानाला, एलएसयूला गेला आणि तिथे हाइझमन हा सर्वोच्च सन्मान आणि अजिंक्यपद दोन्ही जिंकला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात 'ट्रान्सफर पोर्टल' सुरू झालं. खेळाडूने नाव घालायला सांगितलं की कॉलेजने ते घालायचं. मग इतर प्रशिक्षक त्याच्याशी बोलायला मोकळे. २०२१ मध्ये एकदा विनादंड जायची परवानगी आली. डिसेंबर २०२३ मध्ये ओहायोसह सात राज्यांनी दावा लावला, कोर्टाने दुसऱ्या बदलीवरची अटही थांबवली, आणि २०२४ च्या वसंतात एनसीएएने हात टेकले. आता अभ्यासात पास असलेल्याने कितीदाही संघ बदलावा.

ह्यावर इथल्या जुन्या चाहत्यांचा ठरलेला सूर, की निष्ठा राहिली नाही, पोरं भाडोत्री झाली. मला ते पटत नाही. ब्रायन केली २०२१ मध्ये नोत्र दाम सोडून एलएसयूला गेले, मोसम संपायच्या आत. त्यांना तिथून काढल्यावर २०२५ च्या नोव्हेंबरात लेन किफिन आपला मिसिसिपीचा संघ बाद फेरीच्या तोंडावर सोडून त्याच खुर्चीवर गेले. प्रशिक्षकाने नोकरी बदलली की प्रगती, एकवीस वर्षांच्या पोराने बदलली की बेइमानी? शिवाय हेच चाहते २० जानेवारी २०२५ च्या रात्री रस्त्यावर नाचत होते. अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटने नोत्र दामला ३४-२३ असं हरवलं तेव्हा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटहून आलेला होता, क्विनशॉन जडकिन्स मिसिसिपीहून, केलेब डाउन्स अलाबामाहून. त्या संघावर सुमारे दोन कोटी डॉलर लागल्याचं विद्यापीठाच्या क्रीडासंचालकांनीच सांगितलं होतं.

मग ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन ह्यांनी हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. (खटला ग्रँट हाउस ह्या पोहणाऱ्या मुलाच्या नावाने.) जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर दहा वर्षांत द्यायचे, आणि १ जुलै २०२५ पासून कॉलेज स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी सगळ्या खेळांत मिळून जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलर. मोठ्या कॉलेजांत त्यातला तीन चतुर्थांशाच्या आसपासचा वाटा फुटबॉलला जातो. जुन्या खेळाडूंच्या भरपाईत मुलींच्या वाट्याला किती येतं ह्यावर अपील झालंच. फुटबॉल संघात १०५ जणांची मर्यादा आली, त्यात स्वखर्चाने खेळणाऱ्या कितीतरी हौशी पोरांच्या जागा धोक्यात आल्या. बाहेरचा ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा करार असेल तर डेलॉइट कंपनीने चालवलेल्या यंत्रणेकडे नोंदवायचा. तिथे तो खरा धंदा आहे की आडवाटेचा पगार, हे तपासतात.

ह्यातली मेख करारात आहे. कॉलेजचा करार 'तू खेळ, मी पैसे देतो' असं म्हणत नाही. तुझं नाव आणि चेहरा वापरायचा परवाना आम्ही विकत घेतो, असं म्हणतो. मोल खेळाचं, पावती चेहऱ्याची. कारण उघडपणे खेळाचे पैसे दिले की पोरगा नोकर ठरेल.

आणि नोकर नाही म्हणून युनियन नाही. २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी तो प्रयत्न केला, पुढल्या वर्षी राष्ट्रीय कामगार मंडळाने आमचा ह्यात अधिकार नाही म्हणून हात झटकले. व्यावसायिक एनएफएलमध्ये पगाराला कमाल मर्यादा आहे, खेळाडू कुठल्या संघात जाणार त्याचे नियम आहेत, आणि ते कोर्टात टिकतात, कारण खेळाडूंच्या युनियनने टेबलावर बसून त्यावर सही केलेली असते, उत्पन्नातला सुमारे ४८ टक्के वाटा मान्य करून घेऊन. कॉलेजची मर्यादा मोठ्या कॉलेजांच्या सरासरी उत्पन्नाच्या २२ टक्क्यांवरून काढलीय. समोर सही करणारं कुणीच नाही, म्हणून नवा नियम आला की नवा दावा येतो. आता कॉलेजंच दावे लावू लागलीत. विस्कॉन्सिनने झेव्हिअर लुकसचं नाव पोर्टलमध्ये घालायला नकार दिला, तर त्याने कॉलेज सोडलं आणि साधा विद्यार्थी म्हणून मायामीत प्रवेश घेतला. विस्कॉन्सिनने मायामीला कोर्टात खेचलं. जॉर्जिया विद्यापीठाच्या क्रीडा संस्थेने करार मोडून गेलेल्या खेळाडूकडून ३ लाख ९० हजार डॉलर मागितलेत. एनसीएएला हवाय तो संसदेचा आशीर्वाद: दाव्यांपासून संरक्षण, आणि खेळाडूंना नोकर म्हणायला कायद्याने बंदी. त्यासाठीचं 'स्कोअर' विधेयक डिसेंबर २०२५ मध्ये मतदानाच्या आधीच मागे ठेवावं लागलं.

ज्यांची मुलं इथे एफ-१ व्हिसावर शिकतात त्यांना एक गंमत कळेल. कॉलेज संघांत चेंडू लांब लाथाडायला ऑस्ट्रेलियन पोरं आणतात, ओहायो स्टेटनेही आणली. शेजारी बसणारा लाखो कमावतो. ह्यांना मात्र आपल्या पोरांसारखाच आठवड्याला वीस तास कॅम्पसवरच्या कामाचा नियम. जाहिरात केली तर व्हिसाच धोक्यात.

संघ बदलणाऱ्या पोराचं रिटर्न मला दोन राज्यांत भरावं लागतं. ओहायो आयकर घेतं, टेक्सास आणि फ्लोरिडा घेत नाहीत, हे आता सतरा वर्षांच्या मुलांनाही पाठ आहे. पाठ नसतं ते कराराचं मागचं पान: मध्येच गेलास तर किती परत करायचे, संघातून काढलं तर हप्ते चालू राहतात का, गुडघा गेला तर काय. ऑगस्ट २०२४ पासून वरच्या श्रेणीतल्या कॉलेजांना खेळातल्या दुखापतीचा औषधोपचार खेळाडू बाहेर पडल्यावरही दोन वर्षांपर्यंत करावा लागतो. बुडालेल्या कमाईची भरपाई त्यात नाही. म्हणून करार घेऊन येणाऱ्याला मी सांगते, सही करायच्या आधी वकिलाला दाखव. त्याची फी धंद्याचा खर्च म्हणून वजा होते, पावती तेवढी जपून ठेव.