फोन टॅपिंगची फाइल कुठून कुठे जाते

फोन टॅप करायला कोर्टाची परवानगी लागते, अशी अनेकांची समजूत असते. आपल्याकडे ती लागत नाही. परवानगी देतात गृह सचिव: केंद्राच्या यंत्रणेसाठी केंद्रीय, राज्याच्या पोलिसांसाठी राज्याचे. म्हणजे महाराष्ट्रातली फाइल मंत्रालयात गृह विभागाकडे जाते आणि तिथेच तिचा निकाल लागतो.

या फाइलवर सही होण्याआधी कायदा दोन प्रश्न विचारतो. पहिला असा, की सार्वजनिक आणीबाणी उद्भवली आहे का, किंवा सार्वजनिक सुरक्षिततेला धोका आहे का? याचे उत्तर ‘हो’ असेल तरच दुसऱ्याकडे जायचे. देशाचे सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षितता, परदेशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याला चिथावणी रोखणे, यांपैकी एका कारणासाठी टॅपिंग गरजेचे आहे का? 1885 च्या तार कायद्यातली ही रचना 2023 च्या दूरसंचार कायद्याच्या कलम 20 मध्ये जवळपास तशीच आली आणि ते कलम जून 2024 पासून लागू आहे. पहिला प्रश्न गाळून थेट दुसऱ्यावर जायचे, ही चूक होते, आणि मग कोर्टात आदेश टिकत नाही.

1996 साली पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज (पीयूसीएल) या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फोनवरचे संभाषण हा खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. तोवर सरकारने टॅपिंगची कार्यपद्धती ठरवणारे नियमच केले नव्हते. कोर्टाने स्वतः अटी घालून दिल्या, मात्र आधी न्यायाधीशांची परवानगी घेण्याची अट घातली नाही. त्या अटींवरून पुढे तार नियमांत नियम 419-अ आला आणि डिसेंबर 2024 मध्ये त्याची जागा नव्या नियमांनी घेतली.

या नियमांनुसार आदेश लेखी आणि सकारण हवा. हीच माहिती दुसऱ्या मार्गाने मिळेल का, याचा विचार आधी करायला हवा. एक आदेश 60 दिवस चालतो. मुदत वाढवली तरी एकूण 180 दिवसांच्या पुढे जाता येत नाही. तातडीच्या प्रसंगी राज्यात पोलिस महानिरीक्षक (आयजी) दर्जाच्या खाली नसलेला वरिष्ठ अधिकारी आदेश देऊ शकतो, पण त्याने तीन कामकाजी दिवसांत गृह सचिवांना कळवायचे असते. सात कामकाजी दिवसांत त्यांची मंजुरी आली नाही, तर टॅपिंग तिथेच थांबते.

प्रत्येक आदेशाची प्रत आढावा समितीकडे जाते. राज्यात तिचे अध्यक्ष मुख्य सचिव असतात, सोबत विधी सचिव आणि गृहाखेरीज दुसऱ्या खात्याचे एक सचिव. दोन महिन्यांतून किमान एकदा ती बसते आणि आदेश बेकायदा वाटला तर तो रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगू शकते. कागदावर हा चांगला पहारा आहे. प्रत्यक्षात काय होते, ते वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने 2018 च्या अहवालात लिहिले आहे: दर बैठकीत समितीपुढे 15,000 ते 18,000 आदेश असतात. एवढे आदेश एका बैठकीत नुसते चाळणेसुद्धा माणसाला शक्य नाही. शिवाय टॅप करणारे, परवानगी देणारे आणि तपासणारे सगळेच सरकारी, आणि ज्याचा फोन ऐकला त्याला ते कधीच कळवले जात नाही. मला या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव हीच वाटते.

कळते ते खटला उभा राहिला तरच. बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याच्या प्रकरणात सीबीआयने एका व्यावसायिकाचा फोन टॅप केला होता. त्यासाठी 2009-10 मध्ये निघालेले तीन आदेश ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितले. लाच हा गुन्हा आहेच, पण त्यात सार्वजनिक आणीबाणी कुठे, सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न कुठे, हा कोर्टाचा मुद्दा होता. जुलै 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही एका लाच प्रकरणात हीच वाट धरली. त्याच सुमारास दिल्ली उच्च न्यायालय मात्र म्हणाले, की भ्रष्टाचार हजारो कोटींच्या कंत्राटाशी निगडित असेल तर त्याचा सार्वजनिक सुरक्षिततेशी संबंध येऊ शकतो. ही व्याख्या रकमेवर बेतली, तर पहिल्या प्रश्नाला अर्थच उरणार नाही. मला मुंबईचा निकाल अधिक बरोबर वाटतो.

पोलिसांच्या बाजूने एक जुना निकालही आहे. मुंबईचे कॉरोनर मलकानी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये ठरवले, की पुरावा गैरमार्गाने मिळाला एवढ्याच कारणाने तो बाद होत नाही. 2017 साली मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये बेकायदा रेकॉर्डिंग बाजूला ठेवले, ते या 2017 च्या निकालाचा आधार घेऊन.

मोक्काची वाट वेगळी आहे. संघटित गुन्हेगारीसाठीच्या या 1999 च्या राज्य कायद्यात टॅपिंगची स्वतंत्र कलमे आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली होती. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. या कायद्यात एक चांगली अट आहे. टॅपिंगचा पुरावा वापरायचा, तर खटल्याच्या किमान दहा दिवस आधी आरोपीला मूळ अर्ज आणि आदेश, दोन्हींच्या प्रती द्याव्या लागतात.

सीडीआर, म्हणजे कुणाला, कधी, किती वेळ आणि कोणत्या टॉवरवरून फोन झाला याची नोंद, मिळवायला यातले बहुतेक काही लागत नाही. पोलिस ती कंपनीकडून मागवू शकतात. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांना अटक केली, तेव्हा ही माहिती किती सहज बाहेर पडू शकते ते सर्वांसमोर आले.

तुमच्या ओळखीच्या कुणावर टॅप केलेल्या फोनच्या आधारे खटला भरला गेला, तर वकिलांमार्फत तीन कागद आवर्जून मागा: मंजुरीचा लेखी आदेश, मुदतवाढ असल्यास तिचा आदेश, आणि आढावा समितीपुढे तो कधी गेला याची नोंद. मग तारखा जुळवा आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या आदेशात कुठे लिहिले आहे ते शोधा.