विश्लेषण : मूल हावरट, की मोठ्यांचा शब्द कच्चा?

समोर एक मार्शमेलो, म्हणजे मऊ गोड खाऊ. न खाता थांबलास तर दुसराही मिळेल! वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत सुरू केलेला हा प्रयोग गाजला. थांबणारी मुले पुढे अभ्यासात सरस, असेही सांगितले गेले. मात्र २०१८ मध्ये ९०० हून अधिक मुलांची माहिती तपासली गेली. घरची परिस्थिती जमेस धरल्यावर हा संबंध बराच क्षीण ठरला.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला रॉचेस्टर विद्यापीठाचा प्रयोग अधिक बोलका आहे. तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांना आधी वापरलेले रंगखडू देऊन, थांबलात तर चांगले आणते, असे सांगितले. निम्म्यांना ते मिळाले. बाकीच्यांना ‘माफ कर, नाहीत’ एवढेच उत्तर. स्टिकरबाबतही तेच. मग मार्शमेलो. शब्द पाळलेला पाहिलेली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, फसगत झालेली अवघी तीन.

हा हावरटपणा नव्हे, हिशेब आहे. ‘रडू नकोस, संध्याकाळी बागेत नेते’ म्हणून विसरणाऱ्या घरात मूल दुसरे काय शिकणार? जमणार नसेल तर तसे आधीच सांगावे. रडेल थोडे.