आधी होडीचं अंग, मग रंग

शहरातल्या छावणी भागात एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये प्लायवूडची छोटी होडी बांधून पैठणच्या नाथसागर जलाशयावर न्यायची म्हटलं, तर सुतारकाम वाटतं तेवढं अवघड जात नाही. फायबरग्लासचं कापड इपॉक्सीत भिजवून चढवणंही जमतं. घोळ होतो तो त्यानंतर. इथे समुद्र नाही, त्यामुळे सल्ला मिळतो तो गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्यांकडून. त्यांच्या हातात कसब असतं आणि त्यांचं बरंचसं ज्ञान होडीलाही चालतं. पण सगळं नाही.

‘रंगाचे दोन हात जाड मारले की सगळं झाकतं’ हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. वाळलेल्या रंगाचा थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. तेवढ्यात कापडाची वीणही बुजत नाही, मग खड्डे कुठून बुजणार? उलट चकचकीत रंग प्रत्येक लाट उजेडात आणतो. वीण बुजवायची ती इपॉक्सीनेच. पहिला थर पुरता कडक होण्याआधी त्यावर आणखी दोन-तीन हात द्यायचे. नंतरचे उंचसखल भाग भरायला इपॉक्सीत मायक्रोबलून, म्हणजे पिठासारखे बारीक पोकळ गोळे, श्रीखंडाइतकं घट्ट होईपर्यंत कालवायचे. हा लेप हलका असतो आणि सहज घासला जातो. सिलिका पावडर घातलेलं मिश्रण मात्र सांधे जोडायलाच ठेवावं. ते घासताना खांदे भरून येतात.

गॅरेजमधली पॉलिस्टर लांबी इथे का नको, तर तिच्यात शंखजिऱ्याची पूड असते आणि ती पाणी शोषते. गाडी पावसात भिजते आणि वाळते, होडी पाण्यात उभी असते. पाण्याखालच्या भागाला ती लांबी लावूच नये.

‘मशीनने घासलं की सपाट होतं’ हेही खरं नाही. गोल फिरणारी छोटी चकती खड्ड्यातही उतरते आणि उंचवट्यावरही चढते; पृष्ठभाग गुळगुळीत होतो, पण लाटा तशाच राहतात. त्या लाटा काढायला दोन फुटांची, थोडी वाकणारी प्लायची पट्टी घ्यावी, तिला 80 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवावा आणि दोन्ही हातांनी होडीच्या लांबीला तिरकं घासावं, मग उलट्या बाजूने तिरकं. आधी काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा मारावा. घासल्यावर जिथे काळं उरेल तिथे खड्डा आहे. आणि डोळे मिटून तळहात फिरवावा, नजरेतून सुटतं ते हाताला सापडतं. घासताना कापडाचे धागे दिसू लागले तर तिथेच थांबावं, कारण त्यापुढे होडीची ताकद खरवडली जाते. उंच भाग कापण्यापेक्षा आजूबाजूचा सखल भाग भरावा.

वाळलेल्या इपॉक्सीवर कधी कधी मेणचट थर येतो, पावसाळ्यात जास्त. तो घासून किंवा थिनरने काढायचा प्रयत्न बहुतेक जण करतात. घासला तर पेपर चोंदतो आणि मेणचटपणा सगळीकडे पसरतो. खरं तर तो पाण्यात विरघळतो. साधं पाणी आणि भांड्याची हिरवी घासणी घेऊन धुवावा, स्वच्छ फडक्याने टिपावा, वाळू द्यावा आणि मगच पेपर हातात घ्यावा. एवढी साधी पायरी गाळल्यामुळे पुढे रंगाचे पापुद्रे निघतात, याचं मला फार वाईट वाटतं.

‘कडक ऊन म्हणजे चांगली वाळवण’ हा समज तर मराठवाड्यात फारच रुजलेला. कोऱ्या लाकडावर पहिला हात सकाळी दिला, तर लाकूड तापत जातं, आतली हवा बाहेर येते आणि इपॉक्सीत बुडबुडे अडकतात. संध्याकाळी, तापमान उतरत असताना द्यावा. गडद रंगही टाळावा. घरी वापरतो त्यातली अनेक इपॉक्सी 50-60 अंशांच्या पुढे मऊ पडू लागतात, आणि मे महिन्यात गडद पृष्ठभाग तेवढा सहज तापतो. मग कापडाची वीण रंगातून पुन्हा वर उमटते.

लाकूड, कापड आणि इपॉक्सी म्हणजे कच्चं, घरगुती काम असं मानणाऱ्यांनी ‘म्हादई’ आठवावी. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेल्या या 56 फुटी नौकेच्या अंगाचा गाभा लाकडाचाच आहे. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

शेवटचा हात स्प्रेनेच द्यावा लागतो असं नाही. एकाने फोमच्या रोलरने पातळ रंग लावत जावं, दुसऱ्याने लगेच मऊ ब्रशचं टोक हलकेच ओढत जावं. चांगली चकाकी येते. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगात आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा फुफ्फुसांना घातक आहे आणि कापडी मास्क त्याला अडवत नाही. छावणीसारख्या दाट वस्तीत शेजाऱ्यांच्या खिडक्या हातभर अंतरावर असतात, तिथे तो उडवूच नये. आदल्या संध्याकाळी शेडमध्ये पाणी शिंपडून धूळ बसवावी, सकाळी वारा सुटायच्या आत रंग लावावा आणि डब्यावर सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत होडी पाण्यात घालू नये.