धर्मांतराच्या पलीकडचे परिवर्तन

मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या बेचक्यात असलेले राहू बेट, तेथील उसाचे फड आणि गुऱ्हाळे, जवळच बेट केडगाव येथील नारायण महाराजांचे दत्तमंदिर ही दौंड तालुक्याच्या या भागाची सर्वपरिचित ओळख आहे. याच परिसरात, पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे, पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन शतकाहून अधिक काळ उभे आहे. ख्रिस्ती श्रद्धेने माणसाच्या दैनंदिन जीवनात नेमके काय बदलते, हा प्रश्न समजून घ्यायचा असेल तर महाराष्ट्रात याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

आपल्याकडे 'ख्रिस्ती होणे' म्हणजे बाप्तिस्मा घेणे, नाव बदलणे आणि चर्चमध्ये जाऊ लागणे, असा समज रूढ आहे. ख्रिस्ती परंपरा मात्र धर्मांतर आणि परिवर्तन यांत भेद करते. मराठी बायबलमध्ये 'पश्चात्ताप' हा शब्द ज्या ग्रीक शब्दासाठी येतो, तो 'मेटानोइया' होय. केलेल्या चुकीबद्दल वाटणारी खंत एवढाच त्याचा अर्थ नाही. मनाची दिशाच पालटणे, असा त्याचा आशय आहे. बाप्तिस्मा एका दिवसाचा विधी असतो. दिशा पालटल्याची खूण रोजच्या वागण्यातच पाहावी लागते. ज्या श्रद्धेतून कृती उमलत नाही ती निर्जीव होय, असे नव्या करारातील याकोबाचे पत्र बजावते ते याच अर्थाने.

रमाबाईंच्या चरित्रात हा भेद स्पष्ट दिसतो. २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाई अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. दुष्काळाच्या काळात आईवडील गेले, पुढे भाऊ गेला, आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचेही निधन झाले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. पुढे शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्यावर २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. लंडनमधील फुलहॅम येथे समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांची तेथील भगिनी करीत असलेली शुश्रूषा पाहून त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला होता. धर्मग्रंथातील युक्तिवादाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, या आचरणाने त्यांना ख्रिस्ताकडे ओढले.

तथापि, नवा धर्म स्वीकारला म्हणजे विचार गहाण टाकला असे त्यांनी मानले नाही. इंग्लंडमध्येही त्यांनी साडी आणि शाकाहार सोडला नाही. क्रुसावरील लॅटिन अक्षरे संस्कृतहून अधिक पवित्र कशी, असा प्रश्न त्यांनी आपल्या ख्रिस्ती मार्गदर्शिकांना विचारला आणि चर्चच्या कित्येक मतांविषयीही वाद घातला. विशेष म्हणजे, बाप्तिस्म्यानंतरही आपल्याला खरी शांती लाभली नव्हती, असे त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. ख्रिस्ती धर्म गवसला, पण ख्रिस्त गवसायचा राहिला होता, असा त्याचा आशय. तो अनुभव त्यांना १८९१ च्या सुमारास आला. म्हणजे विधी आणि परिवर्तन यांत जवळजवळ आठ वर्षांचे अंतर पडले.

दरम्यान, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुण्यात आले होते. विधवांना शिक्षण देणारी ही संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन होते. रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या, तेव्हा वादळ उठले. 'केसरी'ने कठोर टीका केली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागारपदावरून दूर झाले आणि अनेक पालकांनी मुलींना काढून नेले. आश्रितांवर आश्रयदात्याच्या श्रद्धेचा दाब येतो, ही टीकाकारांची शंका निराधार म्हणता येणार नाही. आपल्या प्रार्थनेचे दार बंद का ठेवावे, हा रमाबाईंचा प्रश्नही तितकाच प्रामाणिक होता. याच सदनातील गोदूबाई १८९३ मध्येच महर्षी कर्वे यांच्याशी विवाहबद्ध होऊन आनंदीबाई कर्वे झाल्या, आणि त्यांनी धर्म बदलला नाही, हेही या संदर्भात लक्षात घेतले पाहिजे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यातील प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना शहरात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा केडगावची शेतजमीन कामी आली. तेथेच 'मुक्ती' उभी राहिली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. वृद्धांसाठी प्रीतिसदन, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, अंधांसाठी बार्तमी सदन अशी निवासस्थाने निघाली. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्याचे काम मनोरमाबाईंनी हाती घेतले. शेती, दुग्धव्यवसाय, विणकाम, तेलघाणा, छपाई अशी कामे स्त्रियाच करीत. ब्राह्मण कुळात वाढलेली विधवा आणि दुष्काळातून वाचलेली अनामिक मुलगी एका पंगतीत जेवू लागल्या. सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या मनाला हे ताटच खरी कसोटी होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्येही मनाचा पालट असाच शिवाशिव आणि खाणेपिणे यांच्या संदर्भात उलगडत जातो.

१९०५ च्या जून महिन्यात मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट उसळली. रडणे, पापांची कबुली, रात्र-रात्र चाललेली प्रार्थना यांनी पाश्चात्त्य निरीक्षकही गोंधळले. १९०६ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे ज्या प्रार्थनासभांनी पेंटेकोस्टल चळवळीला जोर आला, त्यांच्या आधीची ही घटना. म्हणूनच जागतिक ख्रिस्ती इतिहासात केडगावचे नाव घेतले जाते. भारतीय स्त्रियांना त्यांच्या पद्धतीने भक्ती करू द्यावी, पाश्चात्त्य मापाने ती मोजू नये, असे रमाबाईंनी 'मुक्ती प्रेयर बेल' या आपल्या पत्रिकेत ठामपणे मांडले. मात्र भावनेचा पूर हेच परिवर्तन असे मानून त्या थांबल्या नाहीत. प्रार्थनेतून उठलेल्या स्त्रिया गटागटाने आसपासच्या गावांत जाऊ लागल्या आणि मुक्तीतील कामेही चालूच राहिली.

आयुष्याची अखेरची वर्षे रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराला वाहिली. हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी मुळावरून मराठी केले. भाषा मुद्दाम सोपी ठेवली. कारण वाचक पंडित नव्हते, नुकतीच अक्षरे गिरवू लागलेली खेड्यातील बाई होती. संस्कृतच्या पांडित्यासाठी ज्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या, त्यांनीच पांडित्य बाजूला ठेवावे, हे परिवर्तन लहान नव्हे. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. हे बायबल मुक्तीतल्याच छापखान्यातून १९२४ मध्ये पूर्ण स्वरूपात बाहेर पडले.

रमाबाईंच्या धर्मांतरावर मतभेद होते आणि पुढेही राहतील. परंतु श्रद्धेची पारख करण्याचे एक साधे माप केडगावने पुढे ठेवले आहे. कोणता धर्म पत्करला याआधी, आपल्या ताटाला कोणाचा हात लागू दिला, कोणाचे आजारपण काढले आणि ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशा कोणासाठी श्रम केले, हे प्रश्न विचारावेत. ते ख्रिस्ती माणसाला जितके लागू पडतात, तितकेच इतर प्रत्येक श्रद्धावंतालाही.