किल्ल्यावरचा मावळा चालायला हवा!

गेल्या दिवाळीत कोल्हापुरात बहिणीच्या घरी गेलो, तर फराळाच्या ताटाआधी माझ्यापुढे एक कागद आला. त्यावर तीन आकडे होते : नव्या संगणकाची किंमत, एका क्लासची वर्षाची फी आणि एका सॉफ्टवेअरचे दरमहाचे भाडे. दाजींनी बेरीज करून खाली तांबड्या शाईने दोन रेघा ओढल्या होत्या.

"दादा, आता तूच सांग की," बहीण म्हणाली. "पोरगी नववीत. म्हणते, मला कार्टून करायचंय. नाही म्हणावं तर हिरमुसते. हो म्हणावं तर ठेव मोडावी लागते. आणि महिन्याभरात कंटाळली तर?"

"पण मामा, चांगलं सॉफ्टवेअर नसेल तर चित्रं हलणार कशी?" भाचीने विचारले.

दोघींचेही खरे होते. हा प्रश्न हल्ली पुष्कळ घरांत येतो, म्हणून त्या दिवशी आमच्यात जे बोलणे झाले ते येथे सविस्तर देतो.

कोल्हापूरच्या मुलीने हा प्रश्न विचारावा याची मला थोडी गंमत वाटली. याच गावात बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवीत. चित्रपट काढायची हौस होती, पण कॅमेरा नव्हता. त्यांनी व त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव यांनी तो घरी बनवायला घेतला. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी पुढे विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने कॅमेरा पुरा केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्याही आधी दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाचे रोज एक चित्र टिपून ते रोप मिनिटभरात वाढवून दाखवले होते. १९१५ साली त्यांनी आगकाड्या एकेक करून सरकवल्या व 'आगकाड्यांची मौज' केली. कोल्हापुरात १९२९ साली निघालेली 'प्रभात' कंपनी १९३३ साली पुण्याला गेली आणि १९३४ साली तिने 'जंबूकाका' हा कार्टूनपट काढला.

या सर्वांना यंत्र लागलेच. पण चित्र हलते ते यंत्रामुळे नव्हे. एका चित्रात आणि दुसऱ्या चित्रात केवढा फरक ठेवायचा, हे ज्याला कळले त्याच्या हातून ते हलते.

त्याचे गणित साधे आहे. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे सरकतात. कार्टूनवाले बहुधा एकच चित्र दोनदा दाखवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे पुरतात. दहा सेकंदांना १२०, मिनिटाला ७२०. ज्या मुलीने १२० चित्रे पुरी केली, तिची हौस खरी. हे कळायला ठेव मोडण्याचे कारण नाही.

मग सॉफ्टवेअर कोणते? ज्या तऱ्हेचे काम करायचे, त्या तऱ्हेचे.

वस्तू हलवायच्या असतील तर घरातला मोबाइल पुरे. 'स्टॉप मोशन स्टुडिओ'सारखे अॅप घ्यावे. त्याची साधी आवृत्ती फुकट मिळते. मोबाइल मात्र घट्ट टेकवून ठेवावा.

हाताने चित्रे काढायची असतील तर 'पेन्सिल टू-डी' हे सर्वांत सुटसुटीत. त्यात मागचे चित्र पुढच्याखाली फिके दिसते, ट्रेसिंग पेपर धरल्यासारखे. याला 'ओनियन स्किन' म्हणतात. ही सोय नसलेले सॉफ्टवेअर चित्रे काढणाऱ्याने घेऊच नये. रंगांची व ब्रशांची आवड असेल तर 'क्रिटा' घ्यावे. मात्र लांबलचक प्रसंगाला त्यात संगणकाची मेमरी फार लागते. 'ओपनटून्झ' हे ज्या 'टून्झ'पासून निघाले, ते जपानच्या स्टुडिओ जिब्लीत वापरात होते. २०१६ सालापासून ते सर्वांना मोफत आहे, पण नवशिक्याला त्यातली बटणे पाहूनच घाम फुटतो. ते पुढच्या इयत्तेचे.

पिंगुळीच्या बाहुल्यांसारखे सुटे हातपाय जोडून पात्र नाचवायचे असेल तर 'सिनफिग'. त्यात पहिली व शेवटची स्थिती आपण द्यायची, मधल्या संगणक भरतो.

आणि मातीच्या मूर्तीसारखी, चहूबाजूंनी फिरवून पाहता येणारी पात्रे हवी असतील तर 'ब्लेंडर'. २००२ साली लोकांनी एक लाख युरो वर्गणी जमवून ते सर्वांसाठी खुले करून घेतले. २०२५ साली ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा 'फ्लो' हा एका मांजराचा बोलण्यावाचूनचा चित्रपट संपूर्णपणे ब्लेंडरवर तयार झाला. तेव्हा फुकटचे म्हणजे हलके, हा समज सोडावा.

ही सारी मोफत आहेत. भाड्याने मिळणारी सॉफ्टवेअर वाईट नव्हेत. धंद्यात पडल्यावर ती लागतीलही. पण घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्या. घरातल्या जुन्या संगणकावर चालते का? पुरे झालेले काम साध्या व्हिडिओच्या रूपात बाहेर काढता येते का? आणि भाडे थांबले तर आपलीच चित्रे आपल्याला उघडता येतील का?

यातूनही निवड होईना, तर एक उपाय आहे. उसळणारा एकच चेंडू दोन सॉफ्टवेअरमध्ये एकेका रविवारी करून पाहावा. ज्यात बटणे विसरून चेंडूकडे लक्ष राहिले, ते आपले. तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद आधी जोर-बैठका काढायला लावतो; चेंडू उसळवणे ही इथली जोर-बैठक आहे.

हे ऐकून भाची गप्प झाली. माझे बोलणे तिला पटले नव्हते. अंगणात धाकट्याने केलेला किल्ला होता, त्यावर मातीचे मावळे. मी म्हटले, "चल, एका मावळ्याला दरवाजापर्यंत चालव." दोन पुस्तकांच्या मध्ये मोबाइल उभा केला. मावळा बोटभर सरकवायचा, चित्र घ्यायचे. साठ चित्रे झाली, म्हणजे पाच सेकंद. लावून पाहिले तर मावळा चालण्याऐवजी बेडकासारखा उड्या मारीत होता! सारे घर हसले. भाची मात्र हसली नाही. "मी जास्त सरकवला," ती म्हणाली आणि पुन्हा अंगणात गेली. जेवायला तिला तीनदा हाक मारावी लागली.

दाजींनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

पुढे वर्षभरात एकच खरेदी झाली : संगणकाला जोडायची लहानशी पाटी व तिचे पेन. माउसने चित्र काढणे म्हणजे कोपराने रांगोळी घालणे, तेव्हा तो खर्च टाळण्यासारखा नव्हता. दाजींच्या जुन्या संगणकावर 'पेन्सिल टू-डी' बसवले. मध्ये परीक्षेचे दोन महिने सारे बंद होते. दहा सेकंदांचे पहिले चित्र श्रावणात पुरे झाले : रंकाळ्यावर पावसात उलटी झालेली एक छत्री आणि तिच्यामागे धावणारे आजोबा.

परवा तिचा फोन आला. "मामा, आजोबा थांबतात तेव्हा त्यांचं धोतर लगेच थांबायला नको ना?"

कोणते सॉफ्टवेअर घेऊ, हे तिने विचारले नाही. ती क्लासला गेली तरी आता हरकत नाही. तिथे काय विचारायचे, हे तिला ठाऊक झाले आहे.