पाणंदीचा टायर आणि डांबराचा टायर

मोटारसायकलचा टायर रस्त्याला टेकतो ती जागा तळहातापेक्षाही लहान असते. मागच्या चाकावर १०० किलो भार आणि आत २८ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो दाब असेल, तर ही जागा साधारण ५० चौरस सेंटिमीटर भरते. टायर रुंद घेतला तरी, दाब तोच असेल तर, क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. त्याचा आकार तेवढा आडवा होतो. मूळ अरुंद रिमवर चढवलेला जाड टायर उलट कडांनी आवळला जातो, वळणावर गाडी जड लागते आणि पेट्रोल जास्त जाते. भारदस्त दिसणे सोडले तर त्यातून फारसे काही मिळत नाही.

खरा फरक पडतो तो नक्षीने. नीरा-बारामती रस्त्यावरच्या वडगाव निंबाळकरमध्ये एकच गाडी सकाळी डांबरावरून दूध नेते आणि दुपारी पाणंदीने रानात जाते. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि माती चिकट होते. अशी माती बारीक खाचांत भरली की नवा टायरही गुळगुळीत झाल्यासारखा घसरतो. उंच, सुट्या ठोकळ्यांच्या टायरमध्ये फटी रुंद असल्याने चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. पण डांबरावर हेच ठोकळे वाकतात, लवकर झिजतात आणि ब्रेक लावल्यावर गाडी लांबवर जाऊन थांबते. बहुतेकांची धाव डांबरावरच होते. त्यांना मध्यभागी जोडलेली, कडांना थोडी मोकळी नक्षी पुरते. ज्यांची वस्ती आत आहे आणि पावसाळ्यात पाणंद चुकत नाही, त्यांनीच पूर्ण ठोकळ्यांचा टायर घ्यावा. गळीत हंगामात ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर रस्त्यावर आलेली माती भिजली, तर मात्र कुठलीच नक्षी भरवशाची नाही. तिथे वेग कमी करणे एवढाच उपाय.

पुढच्या टायरवर बहुधा लांबट, सरळ खाचा असतात. त्या दिशा धरून ठेवतात. मागचा टायर गाडी ढकलतो आणि ओझे वाहतो, म्हणून त्याला आडव्या कडा लागतात. दोघांची अदलाबदल करू नये.

दूध नेणाऱ्याने नक्षीआधी भारांक पाहावा. १०० सीसीच्या अनेक गाड्यांना मागे ‘८०/१००-१८ ५४पी’ टायर असतो. रुंदी ८० मिलिमीटर, उंची रुंदीइतकीच, रिम १८ इंची. ५४ म्हणजे २१२ किलोपर्यंत भार, पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरची मर्यादा. पुढच्या टायरवर ४७ असेल तर भार १७५ किलो. चाळीस लिटरचे दोन भरलेले कॅन ८० किलोंच्या वर जातात. एवढ्या ओझ्याखाली हवा कमी असेल तर टायरच्या भिंती दर फेऱ्याला वाकतात आणि रबर आतून तापते. एप्रिल-मेमधल्या तापल्या डांबराची त्यात भर पडते. म्हणून डबल सीट किंवा ओझ्यासाठी गाडीवरच्या तक्त्यात दिलेला जास्तीचा दाब भरावा. मऊ रबर पकड चांगली देते, पण झिजते लवकर. घाटात वळणे घेणाऱ्याला ते परवडते, रोज ओझे ओढणाऱ्याला कठीण रबर बरे.

दुकानात टायरच्या भिंतीवरचा चार आकडी शिक्का वाचून घ्यावा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पुढे खाचेच्या तळाशी असलेली उंचवट्याची खूण नक्षीच्या पातळीला आली, की टायर बदलायचा.